ड्रममध्ये वाघ, धरणात शेळी: आमच्या बोटीच्या इंजिनाचं रिपेअरिंग आणि सातपूरचा मिस्त्री

सातपूरच्या मिस्त्रीला चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण आधी सांगतो की नाशकात बोटीचं इंजिन रिपेअर करणारा माणूस शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. मुंबईला, अलिबागला गल्लोगल्ली मिळतील, इथे बुलेटवाले छप्पन, बोटवाला एक नाही.

आमची बोट सोळा फुटी फायबरची आणि मागे बाहेरून लटकवलेलं ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन, टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं. मी आणि मेव्हण्याने मिळून गेल्या जानेवारीत अलिबागहून सेकंडहँड आणली, तिथे समुद्रात ट्रायल घेतली तर पाच माणसं बसवून अशी उचलली की मेव्हण्याची टोपी उडाली. कसारा घाटातून ट्रेलरवर आणली, परवानगीची कागदं वगैरे केली (तो वेगळाच विषय आहे, त्यावर एक खंडकाव्य होईल) आणि गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सोडली. इथे आल्यापासून जरा सुस्त वाटायची पण आम्ही म्हटलं असेल, आपल्यालाच अजून सवय नाही. मग पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये उभी, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. ऑक्टोबरच्या शेवटी काढली तर हे नवीन दुखणं, एक किकमध्ये चालू, सुरुवातीला बरी पळायची, फुल थ्रॉटल दिला की दोन-तीन मिनिटांत जीव गेल्यासारखी, नाक वर करून डुलत डुलत चालायची, आणि एक मिनिट न्यूट्रलला ठेवली की परत ठीक, परत तेच.

आधी शहरातल्या एकाकडे नेली, नाव लिहीत नाही. त्याने इंजिन काढून घेतलं, पाण्याच्या ड्रममध्ये लावलं, चालू केलं, मस्त आवाज. म्हणे कार्ब्युरेटर चोक आहे. कार्ब्युरेटर किट, दोन्ही प्लग, वर एक इग्निशन कॉइल, मिळून १७,४०० रुपये. परत ड्रममध्ये चालवून दाखवलं, परत मस्त आवाज. धरणात सोडली, तिसऱ्या मिनिटाला बसली. फोन केला तर म्हणतो, "माझ्याकडे तर चालली ना भाऊ."

मग एका द्राक्षबागायतदार मित्राने ह्या सातपूरच्या मिस्त्रीचं सांगितलं. ह्याचं मेन काम म्हणजे बागेचे ब्लोअर आणि शेतीचे पंप, बोटीची इंजिनं तो बाजूला करतो. दुकान म्हणजे एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतला पत्र्याचा गाळा, आत पाय ठेवायला जागा नाही, बोर्ड पण धड दिसत नाही, दोनदा पुढे जाऊन परत यावं लागलं. आणि इथेच पाचवा स्टार गेला, कारण आम्ही गेलो नोव्हेंबरमध्ये, ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली, सगळ्यांचे ब्लोअर रोज फवारणीला, त्यामुळे ह्या माणसाने आम्हाला तीन आठवडे लटकवलं. फोन उचलायचा नाही, उचलला तर "उद्या येतो" म्हणायचा. एक रविवार आम्ही धरणावर नुसते मिसळ खाऊन परत आलो. शेतकऱ्याचं काम आधी हे मला पटतं, पण तसं स्पष्ट सांगावं ना, लटकवायचं कशाला.

पण आला तेव्हा काम असं केलं की राग गेला. पहिलं वाक्य, "साहेब, ड्रममधी तर सगळेच पळता. लोड आल्यावर कळतं." म्हणजे ड्रममध्ये इंजिनावर वजनच येत नाही, थोडं पेट्रोल मिळालं तरी ते खुश असतं, खरी भूक बोट ढकलताना लागते. १७ हजार घालवल्यावर हे वाक्य ऐकणं म्हणजे जखमेवर मीठ, पण बरोबर होतं. इंजिन काढायचं नाही म्हणाला, बोट पाण्यात सोडा. प्लग काढून दोन्ही सिलिंडरला आतला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला, ११८ आणि ११५ आलं, म्हणे दोघांत दहा टक्क्यांच्या आत फरक आहे म्हणजे आतून तब्येत चांगली, उघडायची गरज नाही. थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे ढकलायला लावून स्वतः बघितलं की कार्ब्युरेटरची पाकळी खरंच पूर्ण उघडते की केबल मध्येच अडते. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधल्या भागावर आणि बाहेरच्या भागावर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारली, कारण आतलं रबर सुटलं असेल तर ती रेघ तुटते. अन् तसंही, त्याचं म्हणणं, रबर सुटलं की इंजिनाचा आवाज वाढतो आणि बोट जागेवर, तुमच्याकडे तर आवाजच पडतो, म्हणजे इंजिनालाच काहीतरी मिळत नाहीये.

मग वायरला चिमटा लावायचा त्याचा आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणारा) जोडला आणि निघालो. सुरुवातीला ४३००, अडीच मिनिटांनी सरळ २९०० वर. इंजिन थंड करून मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरून बघितला, धार जोरात होती आणि पाणी कोमट, म्हणजे गरम होऊन बसत नाहीये. आणि मग मेव्हण्याला म्हणाला, पेट्रोलच्या पाइपमधला तो रबरी फुगा दाबत राहा. मेव्हणा दाबतोय, दाबतोय, आणि आरपीएम ३५००, ३९००, ४२००! मी ओरडलोच. फुगा सोडला की परत खाली. म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरत नव्हतं, हाताने ढकललं की पुरत होतं. हे एवढं फुकटातलं चेकिंग, आधीच्याने केलं असतं तर आमचे पैसे वाचले असते.

पण खरी गंमत पुढे. तो म्हणाला आता न दाबता फुगा बघा. बघितलं तर फुगा चिपाडासारखा चपटा झालेला. त्याच्या मते फुगा आत ओढला जातो म्हणजे इंजिनाचा पंप खेचतोय, पण टाकीकडून येत नाहीये, अडथळा फुग्याच्या मागे आहे, इंजिनात नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ढिला केला, फरक शून्य. मग त्याने स्वतःची लाल टाकी आणि स्वतःचा पाइप लावला, आणि पंधरा मिनिटं एकसारखी पळवली, आरपीएम हललं नाही. म्हणजे दोष आमच्या टाकी ते फुगा एवढ्या दीड मीटरमध्ये. काठावर येऊन पाइप उभा चिरला, तर बाहेरून नवाकोरा आणि आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबतंय. कमी ओढ असली की बाजूला, जास्त ओढ आली की रस्ता बंद. आधीच्या मिस्त्रीने ह्याच पाइपची दोन्ही टोकं कापून नवीन क्लिपा लावल्या होत्या, बिलात ३५० रुपये लिहिलेत!

सातपूरवाल्याचं म्हणणं असं की आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुनी रबरं ते खातं, आणि हवेतलं पाणी पण ओढून घेतं, म्हणून महिनोन्महिने टाकीत ठेवू नका आणि पाइप इथेनॉल चालेल असा लिहिलेलाच घ्या. वर दम पण दिला, टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं, २५ लिटरला अर्धा लिटर, मग पेट्रोल कमी पडलं की ऑइल पण कमी, तसंच फुल थ्रॉटलला रेटत राहिला असता तर पिस्टन धरला असता. आम्ही दोन महिने नेमकं तेच करत होतो.

पाइप, फुगा, क्लिपा, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर, सगळं नवीन टाकलं. बोट बसायची थांबली. मी पैसे काढायला लागलो तर म्हणतो थांबा, अजून एक आहे. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलला ४५०० ते ५५०० पाहिजे, तुमचं पाच जण बसवून ४३०० च, इंजिन लोडखाली दबून चालतंय. बोट कुठून आणली? अलिबाग म्हटल्यावर हसला. "ती खाली समुद्रावरची, हे नाशिक हाय." नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर, हवा विरळ, आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते, म्हणजे आपल्याकडे पाच-सहा टक्के घाटातच राहिली. तिथला पंखा १३ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा किती पुढे सरकेल ते), तो इथे जड पडतो. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणून त्याने ११ पिचचा वापरलेला पंखा लावला, आणि ४७०० आले. सुरुवातीपासून जी सुस्ती वाटत होती ती ही होती तर! टॉप स्पीडमध्ये फार फरक नाही, पण आता पाच जण घेऊन पटकन वर येते, नाक खाली बसतं, समोरचं दिसतं.

बिल सांगतो. धरणावर येऊन चेकिंगचे १५००, पाइप-फुगा-फिल्टरचे ३२००, पंखा ६५००, टोटल ११,२००. बिल वहीच्या फाटलेल्या पानावर, जीएसटी मागितलं तर चेहरा पडतो, कार्ड चालत नाही, फोनपे चालतं. पंख्याचं एक पातं जरा घासलेलं निघालं, आधी सांगितलं नव्हतं, मी विचारल्यावर ५०० कमी केले. वॉरंटी म्हणजे तोंडी, "काही झालं तर या." जानेवारीपासून आतापर्यंत सात-आठ वेळा धरणावर गेलो, काही झालं नाही.

कोणी जाणार असाल तर छाटणी ते डिसेंबर विसरा, उन्हाळ्यात जा, सकाळी दहाच्या आधी, आणि बोट पाण्यात ठेवूनच बोलवा, इंजिन काढून नेलं तर तो शिव्या देतो. आमचा १३ पिचचा जुना पंखा त्याच्याच गाळ्यात भिंतीला टांगलाय, कोणी कोकणात बोट नेणारा असेल तर विचारा, स्वस्तात देऊ.