आर्क बी५८०: मेमरी भरपूर, पण आधी बायॉस बघा

मध्यम बजेटमध्ये इंटेलचं आर्क बी५८० हे ग्राफिक्स कार्ड उठून दिसतं ते १२ जीबी मेमरीमुळे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डमध्ये ८ जीबीच. नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचा तपशील) अल्ट्रा म्हणजे वरच्या सेटिंगवर नेलं की ती भरते आणि गेम अडखळतो. १४४०पी रिझोल्यूशनवर खेळणाऱ्यांनी बी५८०च घ्यावं.

जुन्या मशीनमध्ये मात्र नको. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू नसेल तर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम धाडकन पडतात. ती चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर असेल तर मग ते बूटच होत नाही. आधी डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) करून घ्या. प्रोसेसर जुना असेल तर ड्रायव्हरचा भार त्याला झेपत नाही, तिथे ४०६० बरं. शिवाय ते ११५ वॅटवर भागवतं, बी५८० ला १९० लागतात.