कोल्हापूरची लीड बोटॅनिकल गार्डन : सांगलीकरांनी पावसाळ्यातच पाहावी

सांगलीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वनस्पतिशास्त्र विभागाने जोपासलेली ही बाग आहे. फुलांचे ताटवे आणि कारंजी पाहायला जाणाऱ्याची येथे निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे. कारण सह्याद्रीच्या कड्यांवर आणि सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) जेमतेम तग धरून असलेल्या जातींना आसरा मिळावा, हा तिचा हेतू आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतून तिला ‘लीड’ उद्यानाचा दर्जा मिळाला. अशा उद्यानाने दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या, वनस्पती गोळा करायच्या, त्यांची रोपे वाढवायची आणि लहान उद्यानांना पुरवायची, अशी अपेक्षा असते.

या संग्रहामागे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची अनेक वर्षांची भटकंती आहे. हबार्डिया हे ओल्या कातळावर वाढणारे नाजूक गवत 1919 मध्ये गिरसप्पा धबधब्यापाशी सापडले होते. पुढे ते नामशेष झाल्याचे मानले गेले. 2002 मध्ये याच मंडळींना ते तिलारीच्या परिसरात पुन्हा आढळले आणि बागेत वाढवले गेले. दिसायला अगदी साधे असले, तरी मला ते येथील सर्वांत मोलाचे वाटते.

पाहत राहावे असे मात्र खरचुडी या कंद असलेल्या रानवेलीचे फूल. तळाशी फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्यांचा पिंजरा, अशी त्याची कंदिलासारखी घडण असते. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने आत शिरलेली चिमुकली माशी अडकते आणि केस कोमेजल्यावरच परागपुंज घेऊन बाहेर पडते. खरचुडीचे कंद खाण्याजोगे असल्याने माणसे आणि रानडुकरे दोघेही ते उकरतात. तिच्या अनेक जाती दुर्मीळ होण्यामागचे हे एक कारण आहे. आपल्याकडे रस्तोरस्ती मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष लावला जातो, आणि रोपवाटिकेत खरचुडी मागितली तर विक्रेता शोभेचा पाम पुढे करतो, हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

जाण्यापूर्वी विभागाशी संपर्क साधावा आणि भिंग बरोबर ठेवावे. महाविद्यालयांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. तोवर खरचुडीचे वेल वाळून कंद जमिनीखाली सुप्त झालेले असतात. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रातच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, येथे न्यावे.