नाशिक की कोल्हापूर?

मुंबईतलं भाडं झेपेना, म्हणून आम्ही या दोन शहरांचा हिशेब मांडला. वीजबिलात फरक शोधू नका, महावितरणचा दर दोन्हीकडे तोच. सिलिंडरही उन्नीस-बीस. खरा फरक भाड्यात आणि प्रवासात.

नाशिकला गंगापूर रोडकडे भाडं चढंच. सिडको-इंदिरानगरला ते जरा आवाक्यात. पण मुंबईत महिन्यातून चार खेपा असतील, तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी. फक्त नाशिकरोड स्टेशन गावापासून 9-10 किलोमीटर, तेव्हा रिक्षाचे पैसे आधीच धरा.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसची अख्खी रात्र जाते. एका कामासाठी दोन रात्री गाडीत. उलट रोजचं जगणं स्वस्त आणि ऐसपैस. गंगावेशीत म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, तिथे पिशवीचं दूध कोण घेणार? मात्र घर फारच स्वस्त मिळालं, तर शेजाऱ्यांना 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. पंचगंगेची पूररेषा दलाल सांगत नाही. दोन्ही वर्षी शिरोलीजवळ महामार्गही बंद होता.

मुंबईचं काम सुटत नाही, म्हणून आम्ही नाशिक धरलं. ते नसतं, तर सामान कोल्हापूरच्या ट्रकमध्ये चढलं असतं.