बुकशेल्फ स्पीकर कुठे ठेवायचे: काही महिने सरकवासरकवी केल्यानंतरचा अनुभव

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते. साधे टू-वे बुकशेल्फ आहेत (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर), पोर्ट म्हणजे हवा बाहेर पडायचं भोक मागच्या बाजूला, सोबत स्टीरिओ अ‍ॅम्प, सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) नाही. खोली साधारण ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. एवढे महिने रोज ऐकल्यावर माझं मत असं झालंय की स्पीकर किती सरकवले यापेक्षा मी कुठे बसतो यानेच जास्त फरक पडला.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता, बहुतेक घरांत असतो तसा. तिथे बसलं की बेस, म्हणजे खालचे सूर, नुसता घुमायचा, तबल्यातला डग्गा अंगावर यायचा आणि बेस गिटारचे वेगवेगळे सूर एकच वाटायचे. याचं कारण असं की ४ मीटर लांबीत साधारण ४३ हर्ट्झची अर्धी लाट बरोब्बर मावते, मग त्या सुराचा दाब दोन्ही भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. म्हणजे भिंतीला टेकून बसलात तर बेस डोक्यात जातो, बरोब्बर मध्ये बसलात तर गायबच होतो. लोक ३८ टक्क्यांचा नियम सांगतात तो इथूनच आलाय, एका भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचं, माझ्याकडे ते दीड मीटर येतं. सोफा काही तिथे आणता येत नाही, म्हणून ऐकायच्या वेळी एक खुर्ची मागच्या भिंतीपासून दीड मीटरवर ओढून घेतो, आणि खरं सांगतो, एका खुर्चीने जे झालं ते नवीन अ‍ॅम्प घेऊनही झालं नसतं.

आता स्पीकरचं. समोरची जाळी स्पीकरमागच्या भिंतीपासून ७० सेंटीमीटर पुढे, दोन स्पीकरमध्ये १.९ मीटर, माझ्या कानापासून प्रत्येक साधारण २ मीटर, म्हणजे जवळजवळ समभुज त्रिकोण. पण भिंतीपासूनचं हे अंतर कुठलंही ठेवलं तरी कुठल्यातरी सुराचा आवाज दबतो, म्हणजे खड्डा पडतोच, हे आधी लक्षात घ्या. खालचे सूर स्पीकरच्या मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात, आणि ज्या सुराची पाव लाट त्या अंतराएवढी असते तो अर्धी लाट उशिरा येऊन मूळ आवाजालाच खातो. ७० सेंटीमीटरला तो १२० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे पुरुषी आवाजाच्या तळाशीच, खर्जातलं गाणं थोडं पोकळ वाटतं. अजून मागे ढकलले तर खड्डा वर सरकतो पण बेस फुगतो. यावर मला उपयोगी पडलेली गोष्ट एकच, स्पीकरमागच्या भिंतीचं अंतर आणि बाजूच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवायचं नाही, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच ठिकाणी येतात. माझं बाजूचं अंतर ५५ सेंटीमीटर आहे, तेवढ्यानेही पोकळपणा कमी झाला. आणि ईक्यूने (ठराविक सूर कमीजास्त करायच्या सेटिंगने) हा खड्डा भरायला जाऊ नका, तुम्ही आवाज वाढवला की परत येणारी लाटही तेवढीच वाढते, अ‍ॅम्पला उगाच त्रास. फुगलेला बेस मात्र ईक्यूने छान खाली येतो.

उंचीचं काम सोपं आहे, ट्वीटर कानाच्या पातळीला, बसल्यावर ते ९० सेंटीमीटर ते १ मीटर येतं, म्हणून स्टँड. टू-वेमध्ये वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या वर असल्यामुळे उभं राहिलं की मधले सूर बदलतात, करून बघा. शेल्फवरच ठेवणार असाल तर निदान पुढच्या कडेपर्यंत ओढा, नाहीतर फळीवरून आवाज उसळतो.

टो-इनवर, म्हणजे स्पीकर ऐकणाऱ्याकडे किती वळवायचे यावर, लोक तासन्‌तास भांडतात, मला त्यात फार दम वाटला नाही. एकच गायक असलेलं गाणं लावायचं, आवाज बरोब्बर मधोमध टाचणी टोचल्यासारखा एका जागी बसला की थांबायचं. तो कुठेच बसत नसेल आणि बेसही पातळ लागत असेल तर आधी मागे जाऊन लाल-काळी वायर एका स्पीकरला उलटी तर नाही ना ते बघा.

पोर्टमध्ये फोमचे बोळे घालूनही ऐकलं, भिंतीजवळ ठेवायचे असतील तर बरे आहेत, माझ्या अंतरावर बेस कोरडा झाला म्हणून काढून टाकले. बाजूच्या भिंतीवर आरसा फिरवायचा आणि खुर्चीतून ट्वीटर जिथे दिसेल तिथे काहीतरी जाड मऊ लावायचं, ही युक्ती खरी आहे, टाळी वाजवली की आधी जो झणझणाट यायचा तो कमी झाला. पातळ पडद्याने मात्र फक्त वरचे सूर जातात, बेसवर ढिम्म परिणाम नाही.

तोटा म्हणजे हे सगळं एका खुर्चीपुरतंच. शेजारी कोणी बसलं की त्याला जवळचाच स्पीकर ऐकू येतो, आणि झाडताना स्टँड हलतात म्हणून फरशीवर टेपच्या खुणा करून ठेवल्यात, त्या दिसायला वाईटच दिसतात. मोठ्या आवाजात ४३ हर्ट्झचा तो घुमारा अजून थोडा उरलाय, त्याला कोपऱ्यांत चांगले जाड बेस ट्रॅप (खालचे सूर शोषणारे ठोकळे) लागतील, आणि घरात तेवढी जागा मिळवणं हे स्पीकर सरकवण्यापेक्षा अवघड काम आहे.