धरमपेठेतला सिम्फनीवाला व्हायोलिन क्लास: पैसे वसूल, पण सगळ्यांसाठी नाही

आधीच सांगते, ज्यांना व्हायोलिन शिकून रिसेप्शनमध्ये किंवा स्टेज शोमध्ये हिंदी गाणी वाजवायची आहेत त्यांच्यासाठी हा क्लास नाही, सर स्वतःच तसं तोंडावर सांगतात आणि दुसऱ्या चांगल्या शिक्षकांचा नंबर देतात. हा क्लास आहे तो ज्यांना सिम्फनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे वेगवेगळी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या मोठ्या ताफ्यात, दुसऱ्यांच्या मधे बसून, वेस्टर्न क्लासिकल वाजवायचंय त्यांच्यासाठी. फी महिन्याला ४,००० रुपये, त्यात आठवड्यातून एकदा एकट्याचा तास आणि रविवारी सकाळी सगळ्यांचा एकत्र. नागपूरच्या मानाने फी जास्तच आहे, पण मी म्हणेन की रविवारच्या त्या बॅचसाठीच खरे पैसे द्यायचे.

काहून, तर आपल्याकडे बहुतेक जण ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा देत देत वर जातात, तीन-चार पीस बसवायचे, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट फ्रेम करायचं. ग्रेड ८, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड, झाली तरी शेजारच्यासोबत चार ओळी एकत्र वाजवायची वेळ आली की हात अडतो, आणि ऑर्केस्ट्राचं तर सगळं कामच ते आहे. रविवारी सर जोड्या लावतात, दोघांत एक स्टँड. आतल्या बाजूला बसलेला पान उलटणार, बाहेरचा, म्हणजे प्रेक्षकांकडचा, वाजवत राहणार, आणि स्वर दोन भागांत फुटले की वरची ओळ बाहेरच्याची. बोइंग, म्हणजे कुठल्या स्वराला बो (गज) वर न्यायचा का खाली, हे पुढच्या डेस्कवरून, म्हणजे पुढच्या जोडीकडून ठरतं, मागच्यांनी पेन्सिलने लगेच लिहून घ्यायचं, पेनने लिहिलं तर सर खरंच चिडतात कारण पुढच्या आठवड्यात बोइंग बदलू शकतं. बो फक्त वर का खाली एवढंच नाही, टोकाशी आहे का मुठीशी हेही समोरच्यासारखंच पाहिजे. आणि मागे बसलेल्यांनी आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, मोठ्या हॉलमध्ये लांबचा आवाज उशिरा पोचतो म्हणून पुढच्याच्या बोकडे आणि कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवायचं, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

रेस्ट, म्हणजे आपण वाजवायचं नाही ती जागा, मोजायलाही शिकवतात बरं का. चाळीस बार (तालाची आवर्तनं म्हणा) गप्प बसून नेमकं एंट्रीला यायचं, आणि नुसतं बोटांवर मोजायचं नाही तर आधी ओबो (फुंकून वाजवायचं एक वाद्य) काय वाजवतो ते पार्टमध्ये, म्हणजे आपल्या वाद्याच्या नोटेशनच्या कागदावर, लिहून ठेवायचं. आपल्याकडे ओबो कुठून येणार, तर सर रेकॉर्डिंग लावतात. पार्ट्स आयएमएसएलपी या वेबसाइटवरून काढायला लावतात, कॉपीराइट संपलेलं जवळपास सगळं तिथे फुकट मिळतं, फक्त प्रिंट नीट मोठी काढा.

एकट्याच्या तासात ऑडिशनची तयारी. बाहेरच्या ऑर्केस्ट्रांमध्ये व्हायोलिनच्या ऑडिशनला साधारण मोझार्टच्या कन्सर्टोची (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, आणि मग एक्सर्प्ट मागतात, म्हणजे मोठ्या कृतींमधले ठरलेले अवघड तुकडे. रिचर्ड स्ट्राउसच्या डॉन हुआनचं पहिलं पान, मोझार्टच्या ३९व्या सिम्फनीची शेवटची मूव्हमेंट, मेंडेल्सनच्या मिडसमरचं स्केर्झो, म्हणजे त्यातला जलद, हलकाफुलका भाग. हे तुकडे वर्षानुवर्षं तेच आहेत, त्यामुळे कोणालाही आजपासून सुरुवात करता येते. मोझार्टचा तो तुकडा हळू आवाजात सुरू होतो, पण पोरं घाबरून जोरात सुरू करतात आणि मग फोर्टेला, म्हणजे जोरात वाजवायच्या जागी, आवाज वाढवायला जागाच उरत नाही. स्केर्झोत स्पिकाटो, म्हणजे बो तारेवर उडवत वाजवणं, तो मनगट सैल असल्याशिवाय निघत नाही. सर आधी अर्ध्या स्पीडला मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून, मग लय बदलून बदलून, लांब-आखूड, आखूड-लांब असं करवतात, आणि तीन वेळा स्वच्छ आल्याशिवाय काटा पुढे सरकू देत नाहीत. कंटाळा येतो, येऊ द्या, त्याशिवाय ते बोटात बसत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे खोटी ऑडिशन. मधे पडदा लावतात, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये पहिल्या फेरीत पडद्याआडूनच ऐकतात, कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून कुठेकुठे तर खाली गालिचाही असतो, चपलेच्या आवाजावरून कोणी ओळखायला नको. इथे आधी जिना दोनदा चढून यायचं, छाती धडधडत असताना थेट डॉन हुआन, वॉर्मअप नाही, दुसरा चान्स नाही. मग फोनवर केलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर ऐकायचं. पहिल्यांदा रडू येईल असं वाटतं, पण बाप्पा, त्यानंतर स्टेजची भीती किती कमी होते!

करिअरबद्दल सर गोड बोलत नाहीत आणि ते मला पटलं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाली, आपल्या देशात प्रोफेशनल म्हणावी अशी तेवढीच, आणि तिच्यातही बरेच वादक बाहेरदेशातून येतात. म्हणजे जागा मोजक्याच. म्हणून पालकांना बोलावून ते सरळ सांगतात की शिकवणं, स्टुडिओ रेकॉर्डिंग, चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं एकत्र वादन) हे सोबत धरून चला, पोराची बारावी बुडवू नका, आणि सीझनमध्ये विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबईला एकतरी कॉन्सर्ट प्रत्यक्ष ऐकवून आणा. ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्या पोरांना नेव्हीच्या अग्निवीर म्युझिशियन भरतीकडे लक्ष ठेवायला सांगतात. आणि ज्यांचे हात लांब आहेत त्यांना व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याकडे, वळवून राहिले, कारण व्हायोला वाजवणारे सगळीकडे कमी, फक्त अल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाचं वेगळं नोटेशन, वाचायची सवय व्हायला वेळ लागतो.

आता खटकलेलं. चेलो (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) शिकवणारं कोणी नाही, त्यामुळे रविवारी बास लाइन, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची ओळ, कीबोर्डवर वाजते आणि खालच्या सुराशी इंटोनेशन (सुरेलपणा) जुळवायची खरी सवय लागत नाही, हा मोठा तोटा आहे, तो भरून निघायला पाहिजे. खोली लहान, दहा जण बसले की बो एकमेकांना लागतात. दुखण्याकडे लक्ष कमी देतात असंही वाटलं, सलग दीड-दोन तास वाजवून घेतात, मधे सुटी मागावी लागते. खांदा किंवा मनगट दुखलं तर थांबायचं, सहन करत वाजवायचं नाही, हे वादकांनी स्वतःच लक्षात ठेवा, कारण त्यात महिनोन्महिने वाजवणं बंद पडतं.

आणि उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठक्क, खुंट्या आपोआप सैल होतात, लाकडाला चीर जायची भीती. व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के दमटपणा मानवतो. इथे कूलर आहे पण तो थेट वाद्यांवर सोडला होता, मी सांगितल्यावर सरांनी तोंड फिरवलं त्याचं, व्हायोलिनच्या पेटीत छोटा हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) मात्र आपला आपण ठेवा. स्कूटीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवूच नका, आतला गोंद सुटतो. बोचे केस बदलायची सोय क्लासमध्ये नाही, मी पुण्याला पाठवते.

जायचं असेल तर शंकरनगरच्या मेट्रो स्टेशनवरून चालत येता येतं, पार्किंग जवळपास नाहीच. नवीन बॅच जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. ट्रायल तास फुकट असतो, त्याला एक स्केल (सुरांचा आरोह-अवरोह) तीन ऑक्टेव्ह, म्हणजे तीन सप्तकांत, आणि कुठलाही एक पीस तयार ठेवा, आणि पेन्सिल न्या, दोन न्या.