एसटीच्या कार्यशाळांतील बसबांधणी

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीचा सांगाडा लाकडी होता आणि आसने काथ्याची होती. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत टाटा व अशोक लेलँड यांच्या चासीवर (इंजिन व चाके असलेल्या तळाच्या चौकटीवर) स्वतःच बस बांधण्याची परंपरा जोपासली, आणि घाटातल्या खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे टिकणारी साधी लाल गाडी हे माझ्या मते त्या परंपरेचे सर्वांत मोलाचे फळ आहे. निमआराम गाड्यांना 1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांवरून ‘एशियाड’ हे नाव पडले; ‘हिरकणी’ हे नंतरचे नाव मात्र थेट रायगडाच्या कड्याशी नाते सांगते, म्हणून मला ते अधिक जवळचे वाटते. शिवनेरीच्या वातानुकूलित गाड्या बाहेरच्या कंपन्यांच्या आहेत.

ॲल्युमिनियमऐवजी पोलादी सांगाडा वापरण्याचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ॲल्युमिनियमचा हलका पत्रा अपघातात सहज फाटतो, तर पोलादी चौकट धक्का पेलून प्रवाशांभोवतीची जागा अधिक शाबूत ठेवते. रोज गाव ते तालुका असा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हीच खरी सोय आहे.