पाइप की स्यूडो-टर्मिनल? पायथनमधून चाइल्ड प्रोसेस चालवताना

आपण सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमचं (म्हणजे चाइल्ड प्रोसेसचं) आउटपुट नुसतं गोळा करायचं असेल, तर पायथनचं सबप्रोसेस मॉड्यूल आणि साधा पाइप, म्हणजे दोन प्रोसेसमधली डेटाची नळी, पुरतो. एरर वेगळ्या येतात, बाइट्स जसेच्या तसे मिळतात. एवढंच जपा: लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतात. आउटपुट त्याहून जास्त असेल आणि ते न वाचता वेट (चाइल्ड संपेपर्यंत थांबणं) केलंत, तर दोन्ही प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकतात. म्हणून आउटपुट वाचत वाचत थांबणारं कम्युनिकेट वापरा.

पण आउटपुट ओळीओळीने, लगेच हवं असेल तर? समोर टर्मिनल नाही म्हटल्यावर सी लायब्ररी बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत मजकूर धरून ठेवते आणि प्रोग्रॅम थांबलाय असं वाटतं. इथे स्यूडो-टर्मिनल, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली टर्मिनल, खरा उपयोगी. चाइल्डला समोर टर्मिनलच दिसतो. रंग येतात, पासवर्ड थेट टर्मिनलवर मागणारे प्रोग्रॅमही हाताळता येतात. त्रासही तितकाच. पाठवलेला मजकूर इको होऊन परत येतो, ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटतो, एरर आणि आउटपुट सहसा एकाच प्रवाहात मिसळतात. शिवाय लिनक्सवर चाइल्ड संपल्यावर रिकामं रीड मिळत नाही, ईआयओ (इनपुट/आउटपुट) एरर येते. ती शेवटाची खूण समजून पकडायची.

मी आधी पाइपच घेईन. चाइल्डचा कोड आपलाच असेल, तर त्यात फ्लश (बफरमधला मजकूर लगेच पुढे पाठवणं) घालणं स्यूडो-टर्मिनलपेक्षा कितीतरी सोपं.